आपल्या गोदावरीवर बोटीचं लॉक होतं! (आणि ते आपल्यासाठी नव्हतं)

परवा आपल्या भागातल्या एका पोराने व्हिडिओ पाठवला. पोरगा अमेरिकेत सिअ‍ॅटलला नोकरीला आहे. आई-वडील पहिल्यांदाच तिकडे गेले, म्हणून त्यांना पर्यटकांच्या बोटीत बसवून फिरवलं. बोट एका अरुंद हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, आणि मग सगळी बोट माणसांसकट हळूहळू वर उचलली जाते. वडील धोतर-टोपीत कठड्याला घट्ट धरून उभे आणि म्हणतात, "अरे, ही वर कशी चालली? खालून जॅक लावला का काय?"

व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरला. संध्याकाळी कारखान्याच्या गेटसमोर चहा घेताना विषय तोच. एकाने मलाच धरलं, "तुम्ही पत्रकार लोक. लिहा ना जरा, आपल्या डाव्या कालव्यात अशी बोट सुरू करा म्हणून. पैठण ते परभणी. पर्यटन होईल, पोरांना काम मिळेल." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर हसू गेलं. कारण असं लॉक गोदावरीवर खरंच बांधलं गेलं होतं, तेही दीडशे वर्षांपूर्वी. बोटींना समुद्रापासून थेट विदर्भातल्या हिंगणघाटच्या बाजूला आणायचा बेत होता. आपल्याला शाळेत हे कुणी शिकवलं नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा.

आधी त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर. जॅक-बिक काही नाही. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट हौद. एका बाजूला पाणी खाली, दुसऱ्या बाजूला वर. बोट खालच्या बाजूने आत येते, मागचा दरवाजा लागतो. मग वरच्या बाजूची झडप उघडतात. वरचं पाणी आपल्या वजनाने हौदात येतं, पाणी चढतं तशी बोट चढते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो आणि बोट चालू लागते. उतरताना उलटं. बोट उचलायला पंप लागत नाही. आपल्या विहिरीत पाणी वाढलं की वरचा घागरीचा तरंगता झाकणतळ वर येतो ना, तेवढंच.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. बोट दर वेळी वर-खाली झाली की हौदभर पाणी वरून खाली जातं. ते परत वर येत नाही.

त्या व्हिडिओतलं लॉक 1917 साली सुरू झालं. एका बाजूला समुद्राची खाडी, दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याची तळी. जहाजं तळ्यापर्यंत यावीत म्हणून कालवा खोदला आणि त्यासाठी 1916 मध्ये लेक वॉशिंग्टन नावाच्या मोठ्या तळ्याची पातळी सुमारे नऊ फूट खाली आणली. तळ्याचं पाणी पूर्वी ज्या वाटेने बाहेर पडायचं, ती ब्लॅक रिव्हर नावाची नदी त्यामुळे आटली. तिच्या काठावर ड्युवामिश आदिवासींची वस्ती होती, त्यांचं मासे धरणं त्या नदीवर होतं. नदी गेली, मासे गेले. लॉकपाशी माशांना चढायला पायऱ्या बांधल्यात, पर्यटक त्या काचेतून बघतात. आटलेली नदी मात्र कुठल्याही काचेतून दिसत नाही. बोटीत बसलेल्या माणसाला हे कळायची सोय नसते. दोष त्याचा नाही.

आता आपल्या नदीकडे येऊ.

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते आणि 1465 किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते. आपल्या शहागडच्या पुलावरून दिसते ती हीच. आपलं पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे, हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. त्यावरून कुणी कुणी ठोकून देतात की पैठणला जहाजं लागायची. तसं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात, 'पेरिप्लस' त्याचं नाव, पैठणचा उल्लेख स्पष्ट आहे. पैठण आणि तेर इथला माल बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जायचा, असं त्यात आहे. म्हणजे नदी दारात, पण माल बैलाच्या खांद्यावर. कारण साधं आहे. आपली गोदावरी पावसाळ्यात पुराने वाहते आणि उन्हाळ्यात डोहाडोहात बसते. बाराही महिने बोट चालावी असं तिचं अंग इथे नाही.

पुढे पार अठराशे वर्षं उडी मारून 1840 च्या दशकात या. नदीच्या खालच्या टोकाला, राजमहेंद्रीच्या भागात, दुष्काळाने माणसं मेली होती आणि गावं ओस पडली होती. कंपनी सरकारच्या मद्रास इलाख्यातल्या आर्थर कॉटन नावाच्या इंजिनिअरने सरकारला बजावलं की एवढी मोठी नदी समुद्राला जाते आणि काठावरचा माणूस उपाशी मरतो, ही लाज आहे. 1847 ला त्याने धवळेश्वरमला बंधारा सुरू केला, 1852 ला पुरा केला. नदी तिथे चार फाट्यांत वाहते, मधे बेटं. बंधाऱ्याची लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. त्यातून निघालेल्या कालव्यांनी भात पिकू लागला. आणि कॉटनने एक डोकं चालवलं. ते कालवे फक्त सिंचनाचे ठेवले नाहीत. जागोजाग लॉक बांधून त्यातून मालाच्या नावा चालवल्या. एकच पाणी, दोन कामं.

काही वर्षांपूर्वी आम्ही गावातली मंडळी जगन्नाथपुरीला गेलो होतो. परतताना राजमहेंद्रीला मुक्काम पडला. लोक स्नानाला गेले, मी रिक्षा करून धवळेश्वरमला गेलो. जुन्या बंधाऱ्याच्या जागी आता नवीन बॅरेज आहे, त्याला कॉटनचंच नाव आहे. जवळ संग्रहालय आहे. घोड्यावर बसलेला कॉटनचा पुतळा, गळ्यात ताजा हार. गोऱ्या साहेबाच्या पुतळ्याला शेतकरी हार घालतात हे मी तिथे पहिल्यांदा बघितलं. कालव्याच्या तोंडाशी जुनं लॉक दिसलं. दगडी भिंती, त्यावर दोराने घासून पडलेल्या खाचा, मधे हिरवट स्थिर पाणी. मी गेलो तेव्हा बोट-बिट काही नव्हती. एक म्हातारा गळ टाकून बसला होता. भाषा कळत नव्हती, म्हणून मी हाताने वर दाखवून "पैठण, पैठण" म्हणालो. त्याने मान हलवली. त्याला काय समजलं देव जाणे. पण त्या पाण्यात आपल्याकडचं पाणी होतंच.

आता खरा मुद्दा. कॉटन तिथे थांबला नाही. त्याची नजर नदीच्या वर होती, आणि त्याच वेळी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर आपल्या कापसावर होती. 1853 ला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. 1854 ला नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. देशातल्या उत्तम कापसाचा मुलूख हातात आला, पण तो कापूस समुद्रापर्यंत नेणार कसा? तेव्हा वंजारी-लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गाठोडी घालून महिनोन्‌महिने चालायचे. वाटेत धूळ, पाऊस. कापूस खराब व्हायचा आणि भाडं मालाच्या डोक्यावर बसायचं.

बेत असा ठरला: विदर्भातला कापूस वर्धा नदीतून प्राणहितेत, प्राणहितेतून सिरोंचाजवळ गोदावरीत, तिथून राजमहेंद्री, आणि मग समुद्र. नकाशावर सरळ रेघ. अडचण एकच, वाटेत नदीत तीन ठिकाणी खडकांचे मोठे पट्टे. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेमला. दुसरा सिरोंच्याच्या खालच्या अंगाला इंचमपल्लीला. तिसरा आणखी वर देवलमरीला. त्यावर उपाय म्हणजे खडकाला वळसा घालून बाजूने कालवा खोदायचा आणि त्यात लॉक बांधायची. बोट पायऱ्या चढावी तशी चढत यायची.

या बोटींसाठी राजकारण कुठवर गेलं बघा. 1860 मध्ये इंग्रजांनी निजामाशी तह केला. गोदावरीच्या डाव्या काठाचा मुलूख निजामाने इंग्रजांना दिला आणि नदीवरच्या वाहतुकीवर जकात घेणार नाही हे कबूल केलं. त्याच तहात 1857 च्या मदतीचं बक्षीस म्हणून धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाला. धाराशिवकर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिले. एकाच कागदावर नदीचा एक काठ इकडून तिकडे गेला आणि धाराशिव तिकडून इकडे आलं. त्या माणसांना कुणी विचारलं? नाही. डाव्या काठाच्या त्या मुलखाचा 'अप्पर गोदावरी' नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला, मुख्यालय सिरोंचा. आज आपण ज्याला गडचिरोलीचं शेवटचं टोक म्हणतो, बदलीची शिक्षा म्हणून ज्याचं नाव घेतो, ते गाव तेव्हा जलमार्गाचं मोठं ठाणं होणार होतं.

1861 ला अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या योजनेचा पाठीराखा. कॅप्टन हेग नावाचा इंजिनिअर कामावर. दुम्मगुडेमला बंधारा आणि लॉकचा कालवा उभा राहिला. पण जंगल दाट. हिवतापाने आणि पटकीने मजूर मरायचे, उरलेले पळून जायचे. पावसाळ्यात नदी एवढी फुगायची की काम बंद, उन्हाळ्यात एवढी आटायची की बोट बंद. पुढच्या दोन्ही अडथळ्यांचं काम पुरं झालंच नाही.

तोवर मुंबईहून निघालेली आगगाडी 1867 ला नागपुरात पोचली. कापसाची गाठ आता काही दिवसांत मुंबई बंदरात. 1871 ला सरकारने गोदावरीची योजना गुंडाळली. 1874 ला अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला. दुम्मगुडेमचा तो जुना बंधारा आजही नदीत आहे. बोटी मात्र वर आल्या नाहीत.

कॉटन शेवटपर्यंत भांडत राहिला. त्याचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर असं: आगगाडी माल नेते, पण पीक उगवत नाही. कालवा पीकही उगवतो आणि मालही नेतो. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला, आपल्या दख्खनसकट सगळा दक्षिण भाग होरपळला. आगगाड्या होत्या, तरी लाखो माणसं मेली. रुळावरून धान्य येऊ शकतं तसं जाऊही शकतं, आणि ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्या ताटात ते कुठूनच येत नाही. 1878 ला लंडनच्या पार्लमेंटच्या समितीपुढे कॉटनची उलटतपासणी झाली. समितीने त्याची कालव्यांची मोठी स्वप्नं मानली नाहीत. पुढे रमेशचंद्र दत्तांनी आपल्या आर्थिक इतिहासाच्या ग्रंथात हाच हिशोब मांडला की रेल्वेवर पैसा ओतला आणि पाण्याला हात आखडता घेतला.

आणि आपल्या वाट्याला काय आलं? 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लाईन जालन्यावरून गेली. निजामाच्या त्या रेल्वेचं नाव माहितीये? 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे'. गोदावरीचं नाव मिळालं रेल्वेला. गोदावरीचं पाणी शेताला मिळायला आणखी पाऊणशे वर्षं लागली. जायकवाडीची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी केली, धरणाचं उद्‌घाटन 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी. खालच्या टोकाला 1852 ला जे झालं, ते वरच्या टोकाला 1976 ला. एकशे चोवीस वर्षांचा फरक आहे, एकाच नदीवर.

आता चहाच्या टपरीवरच्या प्रश्नाकडे येतो. डाव्या कालव्यात बोट का नाही?

डावा कालवा 208 किलोमीटरचा. एक लाख एकेचाळीस हजार हेक्टरच्या वर जमीन भिजवायची म्हणून तो खोदला. त्याचे पूल बुटके, मधे गेटं, जागोजाग फाटे आणि चाऱ्या. पाणी त्यात वर्षभर नसतंच. आवर्तन सुटलं तर आहे, नाही तर तळाला गवत आणि म्हशी. कॉटनचे कालवे पहिल्यापासून दोन्ही कामांसाठी आखले होते, आपला एकाच कामासाठी. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे पाणीच तेवढं.

किती तेवढं, हे समजायला पनामा कालव्याचा आकडा बघा. तिथल्या जुन्या लॉकमधून एक मोठं जहाज पार व्हायला साधारण 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. आपल्या भाषेत 0.2 दलघमी. जायकवाडीचा जिवंत साठा 2170 दलघमी. म्हणजे अकरा हजारांच्या आत जहाजं गेली की काठोकाठ भरलेलं जायकवाडी रिकामं. पनामातून वर्षाला याहून जास्त जहाजं जातात. तिथे पाऊस धो-धो, म्हणून चालतं. तरी 2023 ला तिकडे दुष्काळ पडला तेव्हा जहाजांची संख्या कमी करायची वेळ आली. पर्यटकांची छोटी बोट एवढं पाणी खाणार नाही हे खरं. पण टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून रात्र-रात्र गेटवर बसणारी माणसं आपण बघतो. तिथे हौदभर पाणी बोटीसाठी सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता गंमत ऐका, पण हसू नका. 2016 ला संसदेने राष्ट्रीय जलमार्ग कायदा केला. देशातले 111 जलमार्ग त्यात आहेत. त्यातल्या चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात गोदावरी भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंत धरली आहे. म्हणजे शहागडच्या पुलाखाली उन्हाळ्यात जिथे पोरं क्रिकेट खेळतात, ती जागा कागदावर राष्ट्रीय जलमार्ग आहे! मधे जायकवाडीचं धरण आहे, खाली राजाटाकळी, मंगरूळ, जोगलादेवीपासून बाभळीपर्यंत बंधाऱ्यांची रांग आहे. मी यातले बरेच बंधारे बातम्यांच्या निमित्ताने पाहिलेत. बोट चढेल असं लॉक मला एकालाही दिसलं नाही.

आणि सिरोंचा? जिथे दीडशे वर्षांपूर्वी बोटींचं स्वप्न बुडालं, त्याच टापूत मेडीगड्डाचं बॅरेज झालं. 2019 ला थाटात उद्‌घाटन, तेलंगणाच्या शेतीसाठी पाणी. ऑक्टोबर 2023 ला त्याचे खांब खचले. सिरोंचा तालुक्यातले आपले मराठी-तेलुगू बोलणारे शेतकरी आधीपासून ओरडत होते की फुगवट्याने आणि पुराने आमच्या जमिनी जातायत. काठ त्यांचा, नदी त्यांची, पाणी आणि निर्णय दुसऱ्यांचे. 1860 च्या तहातही तेच होतं.

म्हणून मला या सगळ्या इतिहासातून एवढंच कळलं. नदीवर काहीही बांधायचं निघालं, बोटीचा मार्ग असो, धरण असो की नदीजोड, की आधी दोन प्रश्न विचारायचे. यातून कुणाचा माल जाणार? आणि पाणी कुणाचं जाणार? 1860 च्या दशकात माल मँचेस्टरचा होता. मँचेस्टरला आगगाडी स्वस्त पडली त्या दिवशी योजना संपली. काठावरच्या माणसाला काय हवं होतं, हा प्रश्न त्या फायलीत कधी नव्हताच. धवळेश्वरमला तो प्रश्न आधी विचारला गेला, म्हणून तिथल्या पुतळ्याला अजून हार पडतो. एवढाच काय तो फरक.

नदीजोडच्या चर्चेत इंचमपल्लीचं नाव आता पुन्हा येतंय. गोदावरीचं पाणी कावेरीला नेण्याचं चाललंय. आपण मराठवाड्याची माणसं नाशिक-नगरच्या धरणांकडे बघून भांडतो, ते बरोबरच आहे. पण खाली काय ठरतंय तेही बघत जा. नदी एकच आहे.

त्या पोराला मी उत्तर पाठवलं. म्हटलं, वडिलांना सांग जॅक नव्हता, पाणीच होतं. आणि पुढच्या वेळी बोटीवर गेलास तर गाईडला ब्लॅक रिव्हरचं विचार.

त्याचा लगेच रिप्लाय आला: "विचारतो काका. बाबा विचारतायत, आपल्या कालव्याला पाणी सुटलं का?"

अजून नाही सुटलं, मी लिहिलं.

(तुमच्या घरात जुन्या माणसांनी गोदावरीच्या नावा, भोयांची उताराची जागा, कापसाच्या बैलांचे तांडे यांचं काही सांगितलं असेल तर खाली कॉमेंटमध्ये जरूर लिहा. म्हातारी माणसं आहेत तोवर हे लिहून ठेवलं पाहिजे.)